वाट अडवून बसलेलं गाठोडं

“थांब गं ठमे, एवढं पान होऊ दे…”

आईचा हा आवाज ऐकला तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि कपाटाबाहेर उभी होते. आई कपाटात होती. थट्टा नाही, खरंच कपड्यांच्या कपाटात. लोंबत्या कपड्यांत बाहेरचा गलबला मुरून जातो म्हणून ती आत स्टूल टाकून बसायची. मांडीवर पुस्तक, हातात टॉर्च, पायाशी टेपरेकॉर्डर. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती पुस्तकं मोठ्यानं वाचून टेप करायची. आणि मी बाहेरून दारावर टिचक्या मारायची. भूक लागलेली असायची म्हणून, नाहीतर नुसतीच आई हवी असायची म्हणून.

प्रत्येक टेपच्या सुरुवातीला ती स्वतः रचलेल्या दोन ओळी म्हणायची –

दिवा नाही हाती माझ्या, बोल माझा दिवा
माझ्यामागे चाल हळू, ऐकणाऱ्या जिवा

आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या टेपा ज्या बोलत्या ग्रंथालयात होत्या, तिथेच मी तीन वर्षांपूर्वी प्रोग्रॅमर म्हणून लागले. टेपांवर वाचणाऱ्या, ऐकणारे ज्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत, त्या माझी आई, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. आईच्या पुण्याईवर चिकटली, असं कुणी म्हणायला नको होतं. माझं मला मिळवायचं होतं.

पहिल्याच दिवशी मी चुकीचं दार उघडलं. आत बर्फासारखी खोली, काळ्या कपाटांच्या रांगा, हिरव्या दिव्यांची लुकलुक आणि एक न संपणारी घूंऽऽ. दचकून बाहेर आले, तर माझ्या गार चष्म्यावर बाहेरच्या उबेनं धुकं धरलं. समोर कुणीतरी होतं. उंच. बाकी सगळं पांढरं.

“आधी दार लावा. थंडी पळतेय सगळी.”

“मला काही दिसत नाहीये…”

“मग बरोबर जागी आलात. इथलं सगळं न दिसणाऱ्यांसाठीच आहे.”

मला हसू आवरेना. धुक्यातून एक बाही पुढे आली, जाड निळ्या स्वेटरची. “पुसा.” मी चष्मा काढला आणि त्याच्या अंगातल्याच बाहीला पुसला. पुसून डोळ्यांवर चढवला… आणि वाटलं, थोडा वेळ आणखी धुकं असतं तर बरं झालं असतं. इतक्या जवळून कुणाचे डोळे बघायची मला सवय नव्हती.

तो सर्व्हर सांभाळायचा. त्या खोलीची किल्ली एकट्या त्याच्याकडे. सगळे त्याला थंडोबा म्हणत – खोलीमुळेही आणि स्वभावामुळेही. आठवड्याभरात त्यानं माझं नाव घाईबाई ठेवलं. आणि तीन वर्षांत आम्ही एकमेकांना जे म्हणायचं ते सोडून बाकी सगळं म्हणालो.

या महिन्यात त्यानं राजीनामा दिला. दूरच्या शहरातली नोकरी. शुक्रवार शेवटचा दिवस.

आणि त्याच शुक्रवारी, चार वाजता, माझ्या ‘जुन्या आवाजां’चा निकाल होता.

झालं होतं असं. ऐकणारे लोक फोन लावायचे, पुस्तकाचा आकडा दाबायचे आणि पुस्तक कानात उघडायचं. आता हे सगळं चालवणारा प्रोग्रॅम नवा आला होता. नव्या टेपा त्यावर झकास वाजत होत्या. पण आईच्या काळातल्या तीनशे बारा टेपा एका जुन्या, बंदिस्त पद्धतीनं साठवलेल्या. त्या उघडायला एका तिऱ्हाइतानं लिहिलेली जार लागायची. जार म्हणजे कोडचं बांधलेलं गाठोडं. ते गाठोडं मी प्रोग्रॅमसोबत दिलं होतं. तरी सोमवारी पहिला फोन आला आणि आईऐवजी एक खरखर ऐकू आली. मग शांतता.

पडद्यावर ओळ होती : ‘अशी क्रिया सापडत नाही.’

“आहे की! ही काय, माझ्या डोळ्यांसमोर आहे!” मी पडद्याला म्हणाले. माझ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम, तेच गाठोडं, आणि आई खणखणीत बोलत होती.

“माझ्या मशीनवर चालतं…” थंडोबा मागून म्हणाला. “तुम्हा प्रोग्रॅमर लोकांच्या पाटीवर हेच लिहून ठेवायला हवं.”

“मदत करायची असेल तर कर. नाहीतर आपल्या फ्रीजमध्ये जाऊन बस.”

मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, साधा हिशेब मांडला. शुक्रवारी चारला समिती बसणार. तोवर जुने आवाज चालले तर राहतील, नाही तर तो विभाग बंद. “भावनेच्या भरात नको हं. तीनशे टेपांपायी सगळं गाडं अडवून ठेवता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

विभाग बंद झाला तरी टेपांच्या फाईली माझ्याकडे राहिल्या असत्या. पण आईनं काही माझ्या लॅपटॉपसाठी वाचलं नव्हतं. कपाटात घामाघूम होऊन ती वाचायची, ते कुणातरी अनोळखी माणसाच्या अंधाऱ्या दुपारसाठी. तिचा आवाज माझ्या एकटीकडे कोंडून राहणं म्हणजे तिला पुन्हा कपाटात घालून बाहेरून कडी लावणं.

संध्याकाळी साडेचारला मास्तरांचा फोन आला. निवृत्त शिक्षक, दृष्टी गेलेली. रोज याच वेळेला ते आईच्या टेपा ऐकत. काही बिघडलं की फोन आपोआप माझ्या टेबलावर यायचा.

“पोरी, बाई आज गप्प का?”

“जरा बिघाड आहे, मास्तर. उद्या बोलतील.”

“उद्या नक्की? शेवटची तीन प्रकरणं राहिलीत. माझं वय बघता मला फार ताटकळत ठेवू नका म्हणावं.”

मंगळवारी मी प्रोग्रॅमला एक फर्मान सोडलं – जे जे उचलशील, ते कुठून उचललंस ते लिही. पडदाभर ओळी धावल्या. कोण आलं, कुठून आलं. आम्ही दोघं शेजारी खुर्च्या ओढून वाचत बसलो. त्याचं बोट माझ्या बोटाच्या एक ओळ मागे सरकत होतं. अकराशेव्या ओळीला दोन्ही बोटं थांबली.

आवाज उघडणारं गाठोडं माझ्याकडून घेतलंच नव्हतं. सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमध्ये त्याच नावाचं एक जुनं गाठोडं होतं. प्रोग्रॅम तेच उचलत होता.

“असं का पण?”

“जावाचा शिरस्ता,” तो म्हणाला. जावा ही आमच्या प्रोग्रॅमची भाषा. “लेकराला काही हवं असेल तर त्यानं आधी वडीलधाऱ्यांना विचारायचं. प्रोग्रॅम लेकरू, सर्व्हर वडीलधारा. त्यांच्याकडे त्या नावाचं काहीही निघालं, जुनं-पुराणं का असेना, की तेच घ्यायचं. स्वतःच्या खिशात नवंकोरं असलं तरी बघायचं नाही.”

“म्हणजे तुझ्यासारखं. सिनेमाला जायचं तरी आधी घरी फोन.”

“एकदाच केला होता! आणि तू तरी कुठे थांबलीस?”

“तू ‘चल’ म्हणालाच नव्हतास.”

मी ओळीकडे वळले. नव्या प्रोग्रॅमला नवी क्रिया हवी होती आणि वर पाय पसरून बसलेल्या जुन्या गाठोड्यात ती नव्हती. उघड होतं. ते जुनं काढलं की वाट मोकळी. पण मॅडमचा कडक नियम होता – सर्व्हरसोबत जे मुळात आलंय त्याला हात लावायचा नाही. एक वीट काढायला जाल आणि भिंत अंगावर घ्याल.

“ही जार सर्व्हरसोबतच आलेली, नाही का?” मी विचारलं.

त्यानं पडद्याकडे बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडे. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं, सिनेमाच्या बोलण्यामुळे.

“…असेल,” तो म्हणाला.

एवढंच. त्या एका शब्दावर मी पुढचे तीन दिवस बांधले.

बुधवारी शिरस्ताच उलटा केला. लेकराला सांगितलं, आधी आपला खिसा बघ, मग वडिलांना विचार. प्रोग्रॅम सुरू झाला, माझ्या जिवात जीव आला, आणि दुसऱ्या क्षणी पडद्यावर अशी ओळ उमटली की मी खुर्चीत मागे रेलले. अमुक हे अमुक होऊ शकत नाही. दोन्हीकडे नाव एकच. काना-मात्रा-वेलांटीसकट एकच.

“वेड लागेल मला. हे म्हणतंय, ठकी म्हणजे ठकी नव्हे!”

“नाव एक असलं म्हणून काय झालं,” तो हळू म्हणाला. “एकीला सर्व्हरनं हाताला धरून आणलं, दुसरीला तू. जिनं तिनं आपापल्या आणणाऱ्याचं कूळ सांगायचं. एकमेकींना ओळखच दाखवत नाहीत.”

“तुला हे सगळं कळतं, मग तू चाललास कशाला?” तोंडातून निसटलंच.

“कळून काय उपयोग होतो…” तो म्हणाला, आणि उठून आपल्या गार खोलीत गेला.

त्या दिवशी मास्तर म्हणाले, “उद्या म्हणजे कुठला उद्या, पोरी? मी मुलांना असाच उद्या सांगायचो, पेपर तपासले नसले की.”

गुरुवारी मी माझ्या गाठोड्यातल्या कोडच्या सगळ्या तुकड्यांची नावंच बदलायला घेतली. नाव वेगळं केलं की एकाच घरात जुनं आणि नवं, दोघं सुखानं नांदतात. वडिलांना विचारलं तरी ते म्हणणार, या नावाचं आमच्याकडे कुणी नाही बुवा. मग आपोआप माझ्याकडे यावं लागणार.

थंडोबा दोन चहा घेऊन आला. “तुझी ठकी नाव बदलून राहायला तयार झाली?”

“ती झाली. मी नाही होणार हं कुणासाठी.”

“तुला कुणी सांगितलंय बदलायला? घाईबाई छान आहे की.”

मी वर बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता. मला म्हणावंसं वाटलं, त्या बाई म्हणजे माझी आई रे, मला नुसतं हे काम नाही करायचंय, मला तिला हाक मारायचीय. पण तीन वर्षं तोंडात धरलेली गोष्ट अशी चहाबरोबर बाहेर येत नाही. मी उलट जुनीच फुशारकी काढली. “बघशील तू. करून दाखवीन. नोकरीत कायम होण्याच्या परीक्षेच्या दिवशी नव्हतं का केलं? दहाला सगळं कोसळलं होतं, जिन्यात बसून रडले मी. आणि अकराला परीक्षा घ्यायला आलेल्या पाहुण्यांसमोर माझा प्रोग्रॅम चालला! एकटीनं.”

ही गोष्ट मी त्याला निदान पन्नासदा सांगितली असेल. तो दर वेळी ऐकायचा. आजही ऐकली, आणि कप न संपवताच गेला.

नावं बदलली तरी ते जमलं नाही. त्या तिऱ्हाइतानं कोडच्या पोटात कुठे कुठे जुनी नावं साधी अक्षरं म्हणून लिहून ठेवली होती. एक शोधून बदलावं तर तीन पुढे यावीत. धाग्याचा गुंता सोडवताना धागाच तुटत जावा, तसं.

शुक्रवारी चार वाजता समितीसमोर मी फोन लावला. आकडा दाबला. खरखर आली. आणि शांतता.

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. कागद या हातातून त्या हातात गेला, पाच सह्या झाल्या. पेनांची टोपणं लागली. टक्, टक्, टक्… एखाद्यानं कपाटाच्या दारावर टिचक्या माराव्यात तशी. सव्वाचारला जुन्या आवाजांची वाट बंद झाली. मॅडमनी जाताजाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तू तुझ्याकडून सगळं केलंस गं.” तेच तर सहन होईना.

मी टेबलाशी येऊन बसले. खिडकीतून ऊन तिरपं येऊन कीबोर्डवर पडलं होतं, आणि प्रत्येक बटणावरची धूळ दिसत होती. थंडोबा आला. स्वेटर हातावर, किल्ल्यांचा जुडगा मुठीत. निरोप घ्यायला आला असावा. माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

साडेचारला फोन वाजला.

मला तो उचलवेना. मग उचलला.

“पोरी, बाई…?”

“मास्तर…” ‘उद्या’ हा शब्द जिभेवर होता. आज तो खोटा होता. “मास्तर, आता बाई इथून बोलणार नाहीत. बंद झालं ते. आमच्या हातून नाही जमलं.”

पलीकडे श्वास ऐकू येत होता. म्हाताऱ्या माणसाचा, थोडा घरघरता.

“बरं,” ते म्हणाले. “असू दे. तीन प्रकरणं काय… मी मनानं रचीन.”

त्या ‘असू दे’नं माझा बांध फुटला. “थांबा. ठेवू नका फोन!” मी लॅपटॉप ओढला. माझ्या मशीनवर चालत होतं ना! टेप लावली, रिसीव्हर स्पीकरपाशी नेला. आवाज नीट पकडला जाईना. तेव्हा थंडोबानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या, दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि रिसीव्हरच्या उंचीला धरून उभा राहिला. तान्हं बाळ धरतात तसा.

दिवा नाही हाती माझ्या, बोल माझा दिवा…

आई वाचत होती. आम्ही दोघं तसेच उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि मग पानाच्या मध्यावर, मागे कुठेतरी बारीक टिचक्या, आणि आई थांबून म्हणाली, “थांब गं ठमे, एवढं पान होऊ दे…”

मास्तर खुदकन हसले. “हे माझं आवडतं! जिथं तिथं ही ठमी मधे कडमडते. कोण असेल हो ही? आता तर मोठी झाली असेल.”

मी रिसीव्हर तोंडाशी आणला. “मीच ती, मास्तर. त्या बाई माझी आई. नऊ वर्षं झाली तिला जाऊन.”

लॅपटॉप एकदम खाली झुकला. मी बघितलं, तर थंडोबाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“तुझी आई…?” तो पुटपुटला. “तू बोलली का नाहीस?”

“तू कुठे काय बोलतोस?”

आई वाचतच होती. मास्तरांना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही कुजबुजत होतो.

“ती जार…” तो म्हणाला. “सर्व्हरसोबत आलेली नव्हती.”

मला आधी कळलंच नाही.

“मी ठेवली होती. तीन वर्षांपूर्वी, तुझ्या परीक्षेच्या दिवशी. तुझ्या प्रोग्रॅमला ती सापडत नव्हती, तू जिन्यात बसली होतीस. कुणाला न विचारता मी ती सामाईक फोल्डरमध्ये टाकली. एका दिवसापुरती. मग काढायची विसरलो. मंगळवारी त्या ओळीवर बोट ठेवलंस, तेव्हा आठवलं.”

“मंगळवारी.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “म्हणजे काढून टाकायला…”

“दहा मिनिटं लागली असती.”

तीन दिवस. पाच सह्या. तीनशे बारा टेपा. आणि माझं ते ‘एकटीनं’ही गेलं, ज्यावर मी तीन वर्षं मान ताठ करून चालले होते. मला ओरडायचं होतं, पण हातात फोन होता. आणि ओरडू तरी कुठल्या तोंडानं? त्यानं तीन दिवस लपवलं. मी तीन वर्षं. दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर आई आज बोलत राहिली असती.

“असेल म्हणालास तू मला,” मी म्हणाले. डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या काचेवर उतरलं आणि तो पुन्हा धुक्यात गेला. “असेल! का? नोकरी तर सोडूनच चालला होतास. कुणाची भीती होती?”

त्यानं नजर लॅपटॉपकडे वळवली.

“बाळ,” रिसीव्हरमधून मास्तरांचा आवाज आला, “जरा बाईंना थांबव.”

मी चपापून टेप थांबवली. खोली एकदम रिकामी झाली.

“माझे डोळे गेलेत, कान नाही,” मास्तर म्हणाले. “चाळीस वर्षं शेवटच्या बाकावरचं कुजबुजणं ऐकलंय मी. तिथं एक मुलगा आहे. त्याला उत्तर येतंय आणि तो उभा राहत नाहीये. त्याला म्हणावं, बाई वाट बघतील. त्यांना सवय आहे. तू बोल.”

थंडोबानं लॅपटॉप हळूच टेबलावर ठेवला. निळ्या स्वेटरची बाही पुढे आली, माझ्या चष्म्यापर्यंत, आणि तिथेच थबकली. या खेपेला मी ‘पुसा’ची वाट बघितली नाही. चष्मा काढला आणि तसाच हातात धरला. समोर नुसता एक उंच, पुसट आकार. बोलायला तेच सोपं जाणार होतं, त्याला आणि मलाही.

“जार कुणी ठेवली ते सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर तू विचारलं असतंस, का ठेवली. आणि त्याचं एकच उत्तर होतं माझ्याकडे. जाताजाता ते तुझ्या गळ्यात घालायचं नव्हतं. म्हणून गप्प बसलो, आणि तुझ्या आईला गप्प केलं. तू मला माफ करू नकोस, चालेल… पण ऐक.” त्याचा आवाज फाटला, आणि मग नीट, मोठ्यानं, पलीकडे मास्तरांनाही ऐकू जाईल असा आला.

“जिन्यात बसून रडणाऱ्या त्या मुलीवर माझं त्याच दिवशी प्रेम बसलं होतं. आजही आहे. मला जायचं नाहीये.”